घटनापंडित कुलगुरू : सर आयव्हर जेनिंग्ज

संत जोसेफ वाज यांचे चरित्र आमच्या वाचकांना नवे नाही. गोव्यातील बाणावली येथे १६५१ साली जन्मलेला हा धर्मगुरू १६८७ साली मजुराच्या वेषात सिलोनला पोहोचला. किनारपट्टीवर तेव्हा डचांची सत्ता होती आणि कॅथलिक उपासनेला बंदी होती. १६९२ साली ते डोंगरातील कँडी राज्यात शिरले, तेव्हा पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना कैद करण्यात आले. पुढे मात्र कँडीच्या बौद्ध राजाची खात्री पटली आणि डचांनी हुसकलेल्या कॅथलिकांना त्याच्या राज्यात आसरा मिळाला. या आसऱ्यामागे लेखी कायदा नव्हता, सनद नव्हती आणि न्यायालयही नव्हते. एका बहुसंख्याकाने एका अल्पसंख्याकावर विश्वास ठेवला, एवढेच घडले होते.

याच कँडी शहराच्या वेशीवर, महावेली नदीच्या काठी, पेरादेणिया येथे एक विद्यापीठ उभे आहे. ते ज्यांनी उभारले ते सर आयव्हर जेनिंग्ज मुळात घटनाशास्त्राचे पंडित होते. सिलोनच्या पहिल्या विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. तसेच स्वतंत्र सिलोनच्या पहिल्या राज्यघटनेच्या मसुद्यावरही त्यांच्याच लेखणीची छाप आहे. त्या घटनेत अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी एक कलम होते, कलम २९. विद्यापीठ आजही उभे आहे. ते कलम मात्र १९७२ साली पुसले गेले. एकाच माणसाच्या दोन निर्मितींपैकी एक टिकावी आणि दुसरी टिकू नये, असे का घडले? अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या आणि स्वतःच्या शाळा चालविणाऱ्या आमच्या समाजाने हा प्रश्न दुसऱ्या देशाचा म्हणून दूर सारू नये, असे आम्हांला वाटते.

शिष्यवृत्तीचा विद्यार्थी

विल्यम आयव्हर जेनिंग्ज यांचा जन्म १६ मे १९०३ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरी, बेताच्या परिस्थितीतील कुटुंबात झाला. शिष्यवृत्त्यांच्या आधारे शिकत ते केंब्रिजच्या सेंट कॅथरिन्स कॉलेजात पोहोचले. आरंभी त्यांचा विषय गणित होता, नंतर ते कायद्याकडे वळले. गणिताची शिस्त त्यांच्या लेखनात अखेरपर्यंत दिसते. वाक्ये आटोपशीर, मांडणी पायरीपायरीची आणि भावनेला फारशी जागा नाही. लीड्स येथे काही वर्षे अध्यापन केल्यावर १९२९ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काही वर्षांपूर्वी जेथे अध्ययन केले होते, तीच ही संस्था. हॅरॉल्ड लास्की यांच्यासारख्या समाजवादी विचारवंतांचा तेथे मोठा प्रभाव होता.

तेथे असतानाच, वयाच्या तिसाव्या वर्षी, म्हणजे १९३३ साली, जेनिंग्ज यांनी कायदा आणि राज्यघटना या विषयावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. ब्रिटनच्या घटनाशास्त्रावर तोवर डायसी या व्हिक्टोरियन पंडिताचे राज्य होते. शासनाच्या हाती वाढते अधिकार येणे म्हणजे कायद्याच्या राज्याला धोका, असा डायसींच्या विचाराचा रोख होता. जेनिंग्ज यांनी त्याला आव्हान दिले. गरिबांची घरे, सार्वजनिक आरोग्य, नगरपालिकांची कामे यांचा कायदाही राज्यघटनेचाच भाग आहे आणि लोकांचे भले करू पाहणाऱ्या शासनाकडे केवळ संशयाने पाहणे योग्य नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. पाठोपाठ मंत्रिमंडळ पद्धतीवर १९३६ साली आणि पार्लमेंटवर १९३९ साली त्यांचे ग्रंथ आले. चाळिशीच्या आत ते या विषयातील अधिकारी पुरुष गणले जाऊ लागले.

त्यांच्या विचारातील एक धागा येथे नीट उलगडून सांगितला पाहिजे, कारण पुढील साऱ्या कथेची किल्ली त्यात आहे. ब्रिटनची राज्यघटना एका लेखी ग्रंथात नाही. तेथे अनेक गोष्टी केवळ संकेताने चालतात. राजाने मंत्र्यांच्या सल्ल्यानेच वागावे, बहुमत गमावलेल्या पंतप्रधानाने पायउतार व्हावे, हे सारे संकेत. पण एखादी गोष्ट नुसती सवय आहे की बंधनकारक संकेत आहे, हे ओळखावे कसे? जेनिंग्ज यांनी तीन प्रश्न सुचविले. असे पूर्वी घडल्याचे दाखले आहेत काय? तसे वागणाऱ्यांना आपण त्या नियमाने बांधलेले आहोत असे वाटत होते काय? आणि त्या नियमामागे काही सबळ कारण आहे काय? ही कसोटी इतकी मार्मिक ठरली, की कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली तिचा आधार घेतला आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयात १९९३ साली न्यायाधीशांच्या नेमणुकीसंबंधीच्या खटल्यातही तिचा ऊहापोह झाला. यातील दुसरा प्रश्न वाचकांनी ध्यानात ठेवावा. सत्ता हाती असलेल्यांना आपण बांधलेले आहोत असे वाटते की नाही, या प्रश्नाशी आम्हांला पुन्हा यावे लागणार आहे.

युद्धकाळातील विद्यापीठ

सिलोनमध्ये १९२१ पासून कोलंबो येथे एक युनिव्हर्सिटी कॉलेज होते. तेथील विद्यार्थी लंडन विद्यापीठाच्या परीक्षांना बसत. स्वतःचे विद्यापीठ हवे ही मागणी सर पोन्नंबलम अरुणाचलम आदी नेत्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून लावून धरली होती. परंतु विद्यापीठ कोलंबोत असावे की कँडीजवळ, या वादात वर्षांमागून वर्षे गेली. अखेर १९३८ साली पेरादेणियाची जागा मुक्रर झाली. १९४० साली जेनिंग्ज यांची कॉलेजचे प्राचार्य म्हणून निवड झाली आणि १९४१ साली ते कोलंबोत दाखल झाले.

वेळ मोठी कठीण होती. ५ एप्रिल १९४२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, जपानी विमानांनी कोलंबोवर हल्ला केला. जेनिंग्ज यांच्यावर नागरी संरक्षणाचीही जबाबदारी होती. कॉलेजच्या इमारती लष्कराला हव्या होत्या. अशा वेळी कोणीही विद्यापीठाचा विचार युद्ध संपेतो बासनात बांधून ठेवला असता. जेनिंग्ज यांनी तसे केले नाही. हवाई हल्ल्याला तीन महिने होतात न होतात तोच, १ जुलै १९४२ रोजी, सिलोन विद्यापीठ अस्तित्वात आले आणि ते त्याचे पहिले कुलगुरू झाले. विद्यार्थी होते जेमतेम नऊशेच्या आसपास.

घटनापंडिताच्या हाती विद्यापीठ आले म्हणजे काय होते, ते येथे पाहावयास मिळते. विद्यापीठाच्या कायद्याच्या घडणीत जेनिंग्ज यांचा मोठा हात होता. सरकार पैसा देईल, परंतु काय शिकवावे, कोणाला प्रवेश द्यावा, कोणाला अध्यापक नेमावे, हे विद्यापीठच ठरवील, ही त्यामागची भूमिका. कारभार पाहणारे मंडळ वेगळे आणि विद्याविषयक निर्णय घेणारी अध्यापकांची सभा वेगळी. सत्ता एका हाती एकवटू नये, हे घटनाशास्त्राचे सूत्र त्यांनी येथेही लावून धरले. १९४५ साली शिक्षणमंत्री कन्नंगरा यांच्या सुधारणांमुळे सिलोनमध्ये बालवर्गापासून विद्यापीठापर्यंतचे शिक्षण विनाशुल्क झाले. तेव्हा खेड्यातील मुलामुलींनाही विद्यापीठाचे दार उघडले. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या कुलगुरूच्या कारकिर्दीत हे घडावे, हाही एक योगच.

पेरादेणियाची आखणी सर पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी आणि क्लिफर्ड हॉलिडे या नगररचनाकारांनी केली होती आणि इमारतींवर शर्ली डि'अल्विस या वास्तुशास्त्रज्ञाचा ठसा उमटला. एका बाजूस हंताना डोंगराची रांग, मधून वाहणारी महावेली नदी आणि जवळच प्रसिद्ध वनस्पतिउद्यान. जेनिंग्ज यांना हवे होते ते निवासी विद्यापीठ. सिंहली, तमिळ, मुस्लिम आणि बर्गर समाजाची मुले एकाच वसतिगृहात राहतील, एका पंक्तीला जेवतील, रात्री वाद घालतील आणि सकाळी एकत्र वर्गात जातील, तर त्यांच्यातून एका राष्ट्राचे नेतृत्व घडेल, अशी ही दृष्टी होती. कुलगुरू स्वतः बांधकामाच्या आणि झाडांच्या बारीकसारीक तपशिलात लक्ष घालीत. १९४९ पासून काही विभाग हलू लागले आणि ऑक्टोबर १९५२ मध्ये विद्यापीठाचे मोठे स्थलांतर झाले. २० एप्रिल १९५४ रोजी एलिझाबेथ राणीच्या उपस्थितीत तिचे पती ड्यूक ऑफ एडिंबरा यांनी विद्यापीठाचे औपचारिक उद्घाटन केले. विद्यापीठ तर आधीच उघडलेले होते, म्हणून ते 'नेहमीपेक्षा अधिक उघडे' झाल्याचे आपण जाहीर करतो, असे ते गमतीने म्हणाल्याची आठवण तेथे अजून सांगितली जाते.

या स्वप्नावर टीकाही झाली आणि ती निराधार नव्हती. इंग्रजी माध्यम, केंब्रिजच्या धर्तीवरील वसतिगृहे, भोजनगृहातील शिष्टाचार, यांत गावाकडून आलेल्या मुलांना परकेपणा वाटे. डोंगराच्या कुशीतील हे ज्ञानमंदिर देशातील दारिद्र्यापासून फार दूर आहे, असे म्हणणारेही होते. कोणत्याही शिक्षणसंस्थेला, आमच्या संस्थांनाही, हा प्रश्न अधूनमधून विचारला गेला पाहिजे. आपण ज्यांच्यासाठी दार उघडले, त्यांना आत आल्यावर आपले घर वाटते काय?

एक कलम आणि त्यामागचा विश्वास

आता दुसऱ्या निर्मितीकडे वळू. मे १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने सिलोनला अंतर्गत स्वराज्याचे आश्वासन दिले आणि तेथील मंत्र्यांना घटनेचा मसुदा करावयास सांगितले. मंत्र्यांचे नेते होते डी. एस. सेनानायके. त्यांनी कुलगुरूंना साहाय्यास बोलाविले. अधिकृत पद नसताना जेनिंग्ज यांनी ते काम केले आणि १९४४ सालच्या मंत्र्यांच्या मसुद्यात त्यांच्या विद्वत्तेचा मोठा वाटा होता. त्यानंतर लॉर्ड सोलबरी यांचा आयोग आला. त्याने थोड्याफार फेरफाराने त्याच मसुद्याची चौकट स्वीकारली. त्या घटनेच्या पायावर ४ फेब्रुवारी १९४८ रोजी सिलोन स्वतंत्र झाले. त्याच वर्षी जेनिंग्ज यांना 'सर' हा किताब मिळाला.

अल्पसंख्याकांचा प्रश्न ऐरणीवर होताच. जी. जी. पोन्नंबलम यांनी तमिळ व इतर अल्पसंख्याकांसाठी मिळून निम्म्या जागांची मागणी केली होती. ती मान्य झाली नाही. मूलभूत हक्कांची विस्तृत सनद घालावी, तर जेनिंग्ज यांचा तिच्यावर विश्वास नव्हता. ब्रिटिश परंपरेत वाढलेल्या त्या पंडिताला वाटे, की हक्क शब्दांत कोरल्याने टिकत नाहीत, ते जबाबदार पार्लमेंट आणि जागरूक जनमत यांमुळे टिकतात. म्हणून मधला मार्ग निघाला आणि तो कलम २९ मध्ये आला. पार्लमेंटला कायदे करण्याचा अधिकार असेल. परंतु कोणत्याही धर्माच्या मुक्त आचरणाला मनाई करणारा, एखाद्या जमातीवर वा धर्मावर इतरांवर नसलेली बंधने लादणारा अथवा इतरांना नसलेल्या सवलती एखाद्याच जमातीला देणारा कायदा तिला करता येणार नाही. धर्मसंस्थेच्या संमतीवाचून तिची घटना बदलणारा कायदाही करता येणार नाही. घटनेत बदल करावयाचा तर सभागृहाच्या एकूण संख्येच्या दोनतृतीयांश मते हवीत.

वाचताना हे कलम भक्कम वाटते. पण त्याची कसोटी वर्षाच्या आतच लागली. १९४८ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने आणि त्यामागोमाग आलेल्या १९४९ च्या कायद्यांनी चहाच्या मळ्यांत पिढ्यान्पिढ्या राबणाऱ्या भारतीय वंशाच्या लाखो तमिळ मजुरांचे नागरिकत्व आणि मतदान हिरावले गेले. १९४७ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचे ७ प्रतिनिधी निवडून आले होते. पुढच्या निवडणुकीत त्यांचा मतदारच उरला नाही. कायद्याच्या शब्दांत कोणत्याही जमातीचे नाव नव्हते. त्यात केवळ वंशाचे आणि वास्तव्याचे पुरावे मागितले होते. हे पुरावे त्या गरीब मजुरांजवळ असणे शक्य नव्हते. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९५३ साली निकाल लागला, की या कायद्याने कलम २९ चा भंग होत नाही. संरक्षक भिंत जागेवर होती, पण तिला वळसा घालून जाता येते हे सर्वांना कळून चुकले.

१९५६ साली केवळ सिंहली हीच राजभाषा करणारा कायदा झाला. त्याला आव्हान देणारा एका तमिळ सरकारी नोकराचा खटला १९६४ साली खालच्या न्यायालयात यशस्वी झाला. वरच्या न्यायालयाने तो निकाल तांत्रिक कारणाने फिरविला. प्रिव्ही कौन्सिलने १९६९ साली प्रकरण फेरविचारासाठी परत पाठविले आणि मुख्य प्रश्नाचा निकाल कधीच लागला नाही. मधल्या काळात, १९६४ साली, एका लाचलुचपतीच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने कलम २९ मधील हमी म्हणजे सिलोनच्या नागरिकांनी परस्परांशी केलेला पवित्र करार असल्याचा आशय मांडला. पण करार पवित्र आहे असे न्यायाधीशांनी म्हणणे निराळे आणि ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांना तसे वाटणे निराळे. १९७२ च्या प्रजासत्ताक घटनेत कलम २९ ला स्थान मिळाले नाही. त्यानंतरची यादवी, १९८३ च्या दंगली आणि २००९ पर्यंत चाललेले युद्ध यांचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. केवळ एका कलमाच्या लोपामुळे हे सारे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण त्या लोपात पुढील संकटाची चाहूल होती, हे नाकारता येणार नाही.

शाळांचा प्रश्न

येथे आमच्या समाजाशी निगडित असा एक प्रसंग सांगणे क्रमप्राप्त आहे. १९६० आणि १९६१ च्या कायद्यांनी सिलोन सरकारने अनुदानित खाजगी शाळा ताब्यात घेतल्या. त्यांत कॅथलिक शाळा फार मोठ्या प्रमाणावर होत्या. आईबाप शाळांत ठाण मांडून बसले. वातावरण तापले. तेव्हा १९६१ च्या प्रारंभी मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल वॅलेरियन ग्रेशस मध्यस्थीसाठी कोलंबोस गेले आणि त्यांच्या प्रयत्नांनी संघर्ष रक्तपाताविना निवळला. शाळा मात्र गेल्या. अनुदान सोडून स्वतःच्या बळावर चालण्याचा निर्णय घेतलेल्या मोजक्या शाळा तेवढ्या वाचल्या.

या प्रसंगाकडे पाहताना आम्ही आमचीच बाजू तेवढी पाहू नये. परकीय राजवटीत मिशनऱ्यांच्या शाळांना मोठा वाटा मिळाला आणि बहुसंख्य बौद्धांच्या मुलांना अनेक गावी ख्रिस्ती शाळेवाचून दुसरी शाळाच नव्हती. ही त्यांची व्यथा खरी होती. ती आमच्या धर्मबंधूंनी वेळीच ओळखली असती, तर कदाचित निराळा मार्ग निघाला असता. अल्पसंख्याकाला हक्क मागण्याचा अधिकार आहेच. परंतु शेजाऱ्याच्या मनातील सल ओळखणे हाही त्याच हक्काच्या रक्षणाचा भाग आहे.

आणि आपल्याकडे याच सुमारास काय घडत होते? केरळच्या शिक्षण विधेयकावर राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागविले. १९५८ साली न्यायालयाने घटनेच्या कलम ३० (१) चा आधार घेऊन अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालविण्याचा हक्क असल्याचे प्रतिपादन केले. त्याचबरोबर, वाजवी नियमन करण्याचा शासनाचा अधिकारही मान्य केला. पाल्कच्या सामुद्रधुनीच्या अलीकडे आणि पलीकडे, अवघ्या २-३ वर्षांच्या अंतराने, एकाच प्रश्नाची दोन निराळी उत्तरे मिळाली.

भारतीय घटनेविषयी जेनिंग्ज

हा विरोधाभास अधिक बोचतो, तो जेनिंग्ज यांनी आपल्या घटनेविषयी काय म्हटले ते आठवले म्हणजे. १९५२ साली मद्रास विद्यापीठात त्यांनी भारतीय राज्यघटनेवर व्याख्याने दिली आणि पुढील वर्षी ती पुस्तकरूपाने आली. ३९५ कलमे आणि ८ परिशिष्टे असलेली ही घटना त्यांना फार लांब, फार तपशिलाची आणि फार ताठर वाटली. मूलभूत हक्क आणि त्यांवरील मर्यादा यांची गुंतागुंत वकिलांच्या पथ्यावर पडेल असे त्यांचे मत होते. मार्गदर्शक तत्त्वांत तर त्यांना इंग्लंडमधील फेबियन समाजवादाची छाया दिसली.

काळाने या मतांपैकी काही खोटी ठरविली. ताठर म्हटलेल्या या घटनेत २०२३ पर्यंत शंभरावर दुरुस्त्या झाल्या आहेत. ज्यांची लांबण त्यांना खटकली, त्याच हक्कांच्या कलमांनी आमच्या शाळा आणि आमच्या भाषाभगिनींच्या संस्था अनेकदा वाचविल्या. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात घटनेची मूलभूत चौकट बदलता येत नाही असा निर्णय झाला, तेव्हा सिलोनच्या अनुभवाचाही उल्लेख त्या चर्चेत होता. तथापि जेनिंग्ज सर्वस्वी चुकले, असेही आम्ही म्हणणार नाही. डॉ. आंबेडकरांनीही नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत बजावले होते, की घटनात्मक नीती ही माणसाची उपजत भावना नव्हे, ती जोपासावी लागते. दोघांचे निदान एकच होते, उपचार मात्र निराळे. आंबेडकरांनी जाणले, की ज्या समाजात ही नीती अजून रुजलेली नाही, तेथे तपशील लिहून ठेवणेच शहाणपणाचे. जातीच्या जाचातून आलेल्या माणसाला बहुसंख्याकांच्या सदिच्छेवर सर्वस्व सोपविणे परवडत नाही. केंब्रिजच्या पंडिताला हा अनुभव नव्हता.

आणि त्यांच्या स्वतःच्या कसोटीतील तो दुसरा प्रश्न! सत्ताधाऱ्यांना आपण बांधलेले आहोत असे वाटते काय? सेनानायके यांच्याशी जेनिंग्ज यांचा स्नेह होता आणि त्यांच्या शब्दावर त्यांचा भरवसा होता. परंतु सेनानायके १९५२ साली निवर्तले आणि त्यांच्या हयातीतच मळेवाल्या मजुरांचे मत गेले होते. एका व्यक्तीवरचा विश्वास हा संस्थेचा पाया होऊ शकत नाही. सिलोनचे प्रश्न आपल्याला पुढे जितके कळले तितके तेव्हा कळले असते, तर घटनेतील काही तरतुदी निराळ्या केल्या असत्या, अशी कबुली जेनिंग्ज यांनी नंतर दिली. विद्वानाला शोभणारी ही नम्रता होय. फक्त ती उशिरा आली.

उत्तरार्ध

१९५४ साली केंब्रिजच्या ट्रिनिटी हॉलचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले आणि १९५५ च्या आरंभी त्यांनी सिलोन सोडले. याच सुमारास त्यांच्या कारकिर्दीतील एक वादग्रस्त प्रकरण घडले. ऑक्टोबर १९५४ मध्ये पाकिस्तानचे गव्हर्नर-जनरल गुलाम महंमद यांनी घटना समिती बरखास्त केली. समितीचे अध्यक्ष तमीझुद्दीन खान न्यायालयात गेले. सिंधच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मार्च १९५५ मध्ये फेडरल कोर्टाने तो फिरविला. या लढाईत जेनिंग्ज सरकारपक्षाचे सल्लागार होते. कायद्याचा मुद्दा म्हणून त्यांची बाजू मांडता येत असेलही. पण त्या निकालाने पाकिस्तानातील लोकशाहीच्या मुळाशी घाव बसला, असे अनेक अभ्यासक मानतात. आपल्या विद्वत्तेचा उपयोग कोण आणि कशासाठी करून घेत आहे, हे पाहणे विद्वानाचे कर्तव्य नव्हे काय? ही जबाबदारी केवळ कायदेपंडितांची नाही, आम्हां प्रवचनकारांचीही आहे.

१९५६-५७ मध्ये मलायाच्या घटनेसाठी नेमलेल्या रीड आयोगाचे ते सदस्य होते. नेपाळच्या १९५९ च्या घटनेच्या घडणीतही त्यांनी साहाय्य केले. पुढील वर्षीच नेपाळच्या राजाने संसद बरखास्त केली. १९६१ ते १९६३ या काळात ते केंब्रिज विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९६२ साली कायद्याच्या मानाच्या डाउनिंग अध्यासनावर त्यांची नेमणूक झाली. १९ डिसेंबर १९६५ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पेरादेणियाकडे नेणाऱ्या वाटेची त्यांनी लिहिलेली आत्मकथा त्यांच्या मृत्यूनंतर ४० वर्षांनी, २००५ साली, प्रसिद्ध झाली.

काय टिकले, का टिकले

पेरादेणियाच्या वाट्यालाही सुखच आले असे नाही. १९६० पासून कला शाखेत सिंहली आणि तमिळ माध्यमे सुरू झाली. मातृभाषेतून शिक्षण ही न्याय्य गोष्ट होती. पण त्यामुळे एकाच वसतिगृहातील मुले वर्गात वेगळी झाली आणि हळूहळू मनानेही दूर गेली. १९६६ च्या कायद्याने स्वायत्तता आकसली. १९७२ साली साऱ्या विद्यापीठांची मोट एकत्र बांधली गेली आणि १९७८ साली ती पुन्हा सुटली. एवढे सारे सोसूनही विद्यापीठ उभे राहिले. त्याच्या परिसरात आज बौद्ध, हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती उपासनास्थळे आहेत.

मग आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर काय? आम्हांला असे वाटते, की विद्यापीठ टिकले, कारण दरवर्षी नवी मुले आली आणि त्यांनी ते आपले मानले. गरिबाघरची मुले आली, शिकली, शिक्षक झाली आणि तेथेच पुढच्या पिढीला शिकवू लागली. कलम २९ कोणी आपले मानले नाही. बहुसंख्याकांना ते परकीयांनी घातलेले बंधन वाटले आणि अल्पसंख्याकांना अपुरे वाटले. ते न्यायालयात उच्चारले गेले, पण शाळेच्या वर्गात, देवळात, विहारात आणि चर्चमध्ये शिकविले गेले नाही. कायदा लोकांच्या मनात रुजत नाही तोवर तो कागदच असतो. आणि लोकांच्या मनातील सद्भाव कायद्यात लिहिला जात नाही तोवर तो एका माणसाच्या आयुष्याएवढाच टिकतो. दोहोंची गरज आहे.

आमच्या घटनेत कलम ३० आहे, याबद्दल आम्ही परमेश्वराचे आणि घटनाकारांचे ऋणी आहोत. परंतु आमच्या धर्मग्रामांतील किती तरुणांनी ते कलम वाचले आहे? आणि आमच्या शाळांत शिकून गेलेल्या किती शेजाऱ्यांना ती शाळा आपली वाटते? उद्या तिच्यावर प्रसंग आला तर कोर्टात वकील उभा राहीलच. पण दारात शेजारी उभा राहील काय? संत जोसेफ वाज यांनी १६९७ साली कँडीत देवीची साथ आली तेव्हा सर्व धर्मांच्या रोग्यांची सेवा केली. राजाने दिलेला आसरा त्यानंतर अधिक पक्का झाला. सनद नसताना त्यांनी विश्वास मिळविला. आमच्याजवळ सनद आहे. विश्वास मिळविण्याचे काम मात्र प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते.